आवाज न वाढवता

माझ्या फोनवरची आवाजाची पट्टी निम्म्याच्या जरा खाली असते. डोंबिवलीला गाडीत शिरण्याआधी ती तिथे ठेवायची आणि उतरेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा प्रवासातला माझा एकमेव नियम. बाकी चौथ्या सीटवर अर्धं बसणं, उभ्याउभ्या डुलकी काढणं, शेजारणीच्या फोनमधली मालिका तिरक्या नजरेनं बघणं, सगळं चालतं.

नियम कामातून आला. मी ऑडिओमेट्री करते, म्हणजे कारखान्यांत जाऊन कामगारांचे कान तपासते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, महापे, तुर्भे अशा कुठल्यातरी गेटच्या आत आमची व्हॅन उभी राहते. व्हॅनमध्ये आवाजबंद बूथ आणि बूथमध्ये खुर्ची, हेडफोन, एक बटण. बाहेर यंत्रासमोर मी. सूर ऐकू आला की कामगारानं बटण दाबायचं. दाबलं की मी सूर दहा डेसिबलनं खाली नेते, नाही दाबलं की पाचनं वर आणते. 1000 हर्ट्झपासून सुरुवात, मग 2000, 3000, 4000, 6000, 8000, आणि परत खाली 500 पर्यंत. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. तपासणीआधीचे 14 तास तरी कानांना विश्रांती हवी, नाहीतर तात्पुरता बधिरपणा कायमचा म्हणून कागदावर चढतो. त्यामुळे हे काम शिफ्ट चढायच्या आत, भल्या सकाळी. आणि त्याच्याही आधी, पहिला माणूस बूथमध्ये बसवण्यापूर्वी, यंत्राचे सगळे सूर मला माझ्या कानांनी ऐकून बघावे लागतात. कुठे खरखर आहे का, एखाद्या बाजूला सूर कमी येतोय का. दिवसाचं पहिलं मोजमाप माझ्या कानांवर अवलंबून असतं. ते कान मी डोंबिवली ते ठाणे एवढ्यात भाजून घेतले तर काय उपयोग?

आता अडचण अशी की मला रॉक आवडतं.

कामाचा मीटर मी एकदा डब्यात चालू करून बघितला होता. दारं उघडी, गाडी वेगात, डबा मोटरकोचचा. आकडा 80 च्या खाली टिकत नव्हता, आणि शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी गेली की आणखी वर उडी. यावर गाणं ऐकू यायचं तर माणूस आपोआप पट्टी पुढे सरकवतो. घरी बसून जे गाणं अर्ध्या आवाजात पुरतं, तेच गाडीत पूर्ण आवाजात लावलं जातं, आणि ठाण्याला उतरल्यावर शांत जागी तोच आवाज असह्य होतो तेव्हा कळतं की आपण काय ऐकत होतो. माझी पट्टी हलत नसल्यामुळे उलटं झालं. गाण्यालाच माझ्यापर्यंत यावं लागलं. जी गाणी आली ती आवडती झाली. जी येऊ शकली नाहीत ती कितीही थोर असोत, सुट्टीच्या दिवसाची झाली. माझी आवडनिवड मध्य रेल्वेनं ठरवली, असं मी अगदी गंभीरपणे म्हणते.

सगळ्यात आधी आली एसी/डीसी. (नाव ऐकून आमच्या डब्यातली एक जण म्हणाली होती, म्हणजे एअरकंडिशन लोकलवरचं गाणं का? तिचं फार चुकलं नव्हतं. मध्य रेल्वेची वीज 1500 व्होल्ट डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर जात होती, त्या काळात दोन्हींवर चालणाऱ्या एसी-डीसी गाड्या खरोखरच धावत होत्या. बँडला मात्र हे नाव यंग भावांच्या बहिणीनं शिवणयंत्रावर वाचून सुचवलं.) 1980 चा 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम गाडीसाठीच केला असावा असं वाटतं. त्याचं कारण आवाजात नाही, रिकाम्या जागांत आहे. मॅल्कम यंगची गिटार एक घाव घालते आणि थांबते. ड्रमचा ठोका पडतो, पुन्हा मोकळी जागा. गाडीचा गोंगाट सलग असतो. सलग गोंगाटावर सलग संगीत टाकलं तर दोन्हींचा काला होतो. पण तुटक, कोरडे घाव टाकले की कान ते नेमके वेचून काढतो. 'हेल्स बेल्स'च्या सुरुवातीला घंटा वाजते, इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर यांच्या ओतशाळेतली. ती तर कोपर स्टेशनाजवळच्या कलकलाटातही बुडत नाही.

या हिशेबानं हेवी मेटल गाडीत सपशेल पडावं, आणि बरंचसं पडतंच. भरगच्च विकृत केलेली गिटार आणि चाकांचा घरघराट एकमेकांत इतके मिसळतात की कधीकधी गाणं संपलं तरी आपण दोन मिनिटं गाडीच ऐकत असतो. मेटॅलिकाचा 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' याला अपवाद. तो ऐकू येतो, कारण त्यातला मंद आणि मोठा आवाज दाबून जवळजवळ एका पातळीवर आणलेला आहे. त्या काळात असं करायची चढाओढच लागली होती, आणि हा अल्बम त्याचं बदनाम उदाहरण ठरला. श्रोत्यांनी तक्रारी केल्या, कारण 'गिटार हिरो' या खेळात आलेली तीच गाणी जास्त मोकळी वाजत होती. माझं मत असं की या चढाओढीचा गुन्हेगार थोडाफार आपणच, प्रवासी. गाडीत, मोटारीत, रस्त्यावर ऐकणाऱ्याला मंद जागा नको असतात, त्या ऐकूच येत नाहीत. मग त्या कापल्या जातात. सोय होते खरी. पण ठाण्याला पोचेपर्यंत कान थकतात, आणि थकलेले कान घेऊन मला 8000 हर्ट्झचा बारीक सूर तपासायचा असतो.

मंद जागांचं दुःख सगळ्यात जास्त लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'मध्ये. आठ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला एकटी गिटार, मग बासऱ्या. ड्रम यायला चार मिनिटं उलटतात. डोंबिवली सुटताना लावलं तर दिव्यापर्यंत मला काहीच ऐकू येत नाही. फोन चालू आहे का ते बघावं लागतं. त्याच अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मात्र पहिल्या ठोक्यापासून हजर. 1971 मध्ये हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जॉन बॉनमचा ड्रमसेट जिन्याखालच्या दालनात मांडला आणि मायक्रोफोन वर जिन्यावरून सोडले. त्यामुळे ठोक्याबरोबर ते अख्खं घर वाजतं. पारसिकच्या बोगद्यात हे गाणं ऐकणं हा माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतला एक शौक होता. बोगदा 1916 सालचा, लांबी सुमारे 1.3 किलोमीटर. गाडी आत शिरली की आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन डब्यात येई, बायका बोलायच्या थांबत, आणि बॉनमचा ठोका तरीही आपल्या जागी. 2022 मध्ये नव्या मार्गिका सुरू झाल्यावर फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याकडून वळल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना मिळाला. वेळापत्रकाच्या दृष्टीनं ठीकच. माझं मात्र एक परीक्षा केंद्र गेलं. झेपलिनचं मुंबईशी एक नातंही आहे. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट 1972 मध्ये इथे आले आणि मुंबईतल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही गाणी मुद्रित करून गेले. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं. त्यातला तबला गाडीत ऐकू येत नाही, हेही सांगून टाकते.

पिंक फ्लॉइडचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. 'विश यू वेअर हिअर'ची सुरुवात मुद्दाम मोटारीतल्या रेडिओसारखी बारीक, कोंडलेली केली आहे. गोंगाटात ती आधीच अर्धमेली. 'टाइम'मध्ये घड्याळांचे गजर एकदम फुटतात, तेव्हा मी दचकते आणि माझ्या दचकण्यानं शेजारची दचकते. बाकी सगळा शांत भाग गाडी गिळते. फ्लॉइड मी व्हॅनमध्ये ऐकते, काम आटपल्यावर, बूथमध्ये बसून, दार लावून. तिथे त्यांचा श्वासही ऐकू येतो. कामगारांना हे सांगितलेलं नाही.

क्वीनचं 'वी विल रॉक यू' हे तर गाडीतच जन्मलं असावं. त्यात ड्रम नाहीत, बेस नाही. दोन पाय, एक टाळी आणि आवाज. गिटार येते ती अगदी शेवटी. ब्रायन मे हा भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. त्यानं पायांचे आणि टाळ्यांचे थर वेगवेगळ्या विलंबानं एकावर एक रचले, म्हणून मूठभर माणसांची गर्दी झाली. आमच्या डब्याच्या जाळीपलीकडे सकाळी भजनी मंडळी असतात. टाळ असतात, ढोलकी असते. पण खरा ठेका पत्र्याच्या पार्टिशनवर तळहातानं धरलेला. एकदा त्यांचा ठेका आणि कानातला क्वीनचा ठेका काही क्षण जुळून आला आणि मला खुदकन हसू फुटलं. पलीकडच्या बुवांना वाटलं मी भजनाला हसले. त्यांची समजूत कशी काढणार? फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्सचा विद्यार्थी फारूख बलसारा, शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे सांगितलं असतं तर कदाचित चाललं असतं.

डीप पर्पलचं 'हायवे स्टार' मी ठाण्यासाठी राखून ठेवते. पुलावरच्या गर्दीतून ट्रान्सहार्बरच्या फलाटाकडे जाताना. सांगतात की 1971 मध्ये बँड कार्यक्रमासाठी बसनं चालला होता, एका पत्रकारानं विचारलं की तुम्ही गाणी रचता कशी, आणि उत्तर म्हणून रिची ब्लॅकमोर तिथेच गिटार घेऊन बसला. प्रवासात रचलेलं गाणं प्रवासात टिकतं. आणि याच गाण्यामुळे माझी एका फेटलिंगवाल्या दादांशी ओळख झाली.

फेटलिंग म्हणजे ओतून काढलेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरनं घासणं. त्या खात्यात उभं राहिलं की छाती थरथरते. दादा पन्नाशी ओलांडलेले, कळव्याचे. बूथमध्ये जाण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावरच्या फोनकडे बघितलं. गाणं थांबवलेलं होतं, नाव पडद्यावर होतं.

"मॅडम, 'मेड इन जपान'मधलं ऐका. हे स्टुडिओतलं काय ऐकता?"

इतक्या वर्षांत एकाही कामगारानं मला ही सूचना केली नव्हती. कळलं ते असं : तरुणपणी दादा दरवर्षी धोबीतलावच्या रंगभवनला जायचे, इंडिपेंडन्स रॉकला. 1986 पासून तो जलसा तिथे व्हायचा. कळव्याहून चारपाच मित्र स्लो गाडीनं यायचे, रात्री शेवटची पकडून परत. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा 50 डेसिबल. रंगभवनच्या आसपास हे सगळंच आहे. रॉक तिथून गेलं. माझा पेशा म्हणतो, बरोबर झालं. कामा रुग्णालयातल्या बाळंतिणीनं काय पाप केलं होतं? आणि तरी, त्या उघड्या नाट्यगृहात एकदाही जाऊ न शकलेली मी दादांचा हेवा करत होते.

मग दादा म्हणाले, "पण मॅडम, ह्या लोकांनी नवीन कॉपीत झांजा का कमी केल्यात? कॅसेटवर काय वाजायच्या! आता फोनवर ऐकतो, मुलानं स्पीकर आणलाय मोठा, तरी नाहीत. ते रिमास्टर का काय करतात ना, त्यात वाट लावलीय."

मी काही बोलले नाही. त्यांना बूथमध्ये बसवलं. 1000 व्यवस्थित. 2000 ला जरा रेंगाळले. 4000 ला मी सूर वाढवत गेले, पाच, पाच, पाच, आणि बटण दाबलं गेलं तेव्हा उजव्या कानाला 55 होते, डाव्याला 60. 8000 ला आलेख थोडा वर आला. कान आवाजानं गेल्याची ही ओळखीची खूण. 4000 च्या आसपास खड्डा, पुढे पुन्हा चढ.

कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं.

"इथे झांजा होत्या का?"

"झांजांची धार. आणि बोलण्यातले स, श."

"म्हणजे बायको पुटपुटते म्हणतो मी, ती पुटपुटत नाही?"

"नाही दादा."

ते हसले. मग एकदम गप्प झाले, आणि विचारलं तो प्रश्न मला आजही अवघड वाटतो. "हे रंगभवननं केलं की ग्राइंडरनं?"

आलेख ते सांगत नाही. खड्डा गिटारनं पडला काय किंवा लोखंडानं, दिसतो सारखाच. पण आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो : मोठ्या आवाजात संगीत ऐकण्याची सवय आहे का? दिसायला साधा रकाना. आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्याच्या अनुसूचीत आहे, तो कळवावा लागतो. आणि कळवायची वेळ आली की कुणाचं तरी बोट हमखास त्या रकान्याकडे जातं. अहो, हे तर रॉक ऐकतात! बेंजो पार्टीत वाजवणाऱ्या, गणपतीत ढोल बडवणाऱ्या कितीतरी जणांनी माझ्यासमोर तिथे 'नाही' लिहायला लावलंय. ते खोटं बोलतायत हे मला कळतं आणि का बोलतायत हेही.

म्हणून मी तिथे हो-नाही लिहीतच नाही, तास लिहिते. आपल्याकडे 90 डेसिबलला आठ तासांची मुभा आहे, 100 ला दोन तासांची. बाहेरच्या देशांतले अनेक तज्ज्ञ 85 च्या पुढेच धोका मानतात, आणि मला त्यांचं पटतं. दादांचा हिशेब मांडला. रंगभवन : वर्षातून मोजक्या संध्याकाळी, तेही लग्नाआधीची काही वर्षं. फेटलिंग : आठवड्याचे सहा दिवस, पंचवीसहून जास्त वर्षं, आणि त्यातली सुरुवातीची बरीचशी कानात कापसाचे बोळे घालून. कापूस जवळपास काहीच अडवत नाही. दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी लिहिले आणि सही केली. वाचणाऱ्यानं काय ते समजावं.

दादांना रॉकवर आळ यायला नको होता, एवढं मात्र खरं. त्यांनीच मग मला ब्रायन जॉन्सनचं सांगितलं. एसी/डीसीच्या या गायकाला 2016 मध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला, ऐकूच येईना; आणि तो स्वतः दोष देतो मोटारींच्या शर्यतींना, कानात बोळा न घालता गाडी हाकल्याबद्दल. "बघा! गाण्यानं नाही, इंजिनानं." मी त्यांना द हू बँडच्या पीट टाउनशेंडची आठवण करून दिली, ज्याचे कान गेले ते गाण्यानंच, आणि त्याच्या मते स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोननं जास्त. त्याच द हूचा 1976 मधला लंडनच्या चार्लटनचा कार्यक्रम, स्पीकरपासून 32 मीटरवर 126 डेसिबल. गिनेस बुकात गेला होता. दादा म्हणाले, "असा एक ऐकायला मिळाला असता तर उरलेलं 4000 पण देऊन टाकलं असतं." माणसं ऐकत नाहीत, हा माझ्या पेशाचा अनुभव दोन्ही अर्थांनी आहे.

जाताना त्यांनी माझ्या फोनवरची पट्टी बघितली.

"एवढ्यात ऐकता? एवढ्या आवाजात आमच्या चाळीत आरतीसुद्धा होत नाही."

मी नियम समजावला. जे गाणं या आवाजात गाडीतून पोचतं, तेच ऐकते. त्यांनी थोडा विचार केला, खरोखर तांत्रिक प्रश्न असल्यासारखा, आणि म्हणाले, "मग मोटरहेड. 'एस ऑफ स्पेड्स'. लेमी वाजवतो बेस, पण गिटारसारखा. त्याला कुणी दाबू शकत नाही."

माझ्याकडे मोटरहेड नव्हतं. मेटलच्या खात्यात टाकून सोडून दिलेलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या गाडीत बसल्यावर लावलं, दारं उघडी, वारा आत. आणि दादांचं म्हणणं यंत्राइतकं अचूक निघालं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. ती खोली गाडीच्या घरघरीखाली नेहमीच गाडली जाते, एसी/डीसीचा बेससुद्धा मला कधी धड ऐकू आलेला नाही. लेमी मात्र रिकनबॅकर बेस मार्शलच्या अँपमधून असा करवादवतो की तळाच्या सुराचे वरचे पडसादच जास्त पुढे येतात. ते पडसाद घरघरीच्या वर तरंगतात, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा गाडलेला सूर आपण होऊन भरून काढतो. पट्टी जिथल्या तिथे होती.

गाणं जेमतेम पावणेतीन मिनिटांचं आहे. ऐरोली यायच्या आत दोनदा सहज वाजून होतं.